सवलतीतलं ड्रिल मशीन आणि घरचं सुतारकाम: बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्या मंडळींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अनगोळला आमच्या घराच्या मागच्या पडवीत एक हिरवं ड्रिल मशीन उभं आहे. खोका फाटलेला होता म्हणून सवलतीत मिळालं. ते दिसलं की येणारा-जाणारा थांबतो, "काय करूलालास ह्याच्यावर?" म्हणतो आणि मग प्रश्नांची माळ सुरू होते. माझे काका उद्यमबागेत, बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत, पॅटर्न मेकर होते. फौंड्रीत लोखंड ओतायच्या आधी ज्याचा ठसा वाळूत उमटवतात, तो लाकडी नमुना करणारे. काही गोष्टी त्यांच्याकडून शिकलो, काही ठेचा खाऊन. तेच प्रश्न आणि माझी उत्तरं इथे एकत्र ठेवतोय.

घरात हँड ड्रिल आहे की! मग हे धूड कशाला?

भिंतीला पडद्याचा रॉड आणि देवाचा फोटो लावण्यापुरतंच काम असेल तर खरंच घेऊ नका. हँड ड्रिल पुरे.

लाकडात सरळ भोक पाडायची वेळ येते तेव्हा मात्र हात दगा देतो. पाटाचे पाय बसवायचे, डॉवेलने (लाकडी खुंटीने) फळ्या जोडायच्या, झोपाळ्याच्या फळीला चार कोपऱ्यांत कडीची भोकं घ्यायची, कपाटाच्या दाराला ती आत लपणारी बिजागरी बसवायची. या बिजागरीला ३५ मिमी व्यासाचा आणि साधारण १२ मिमी खोल खड्डा लागतो आणि प्लाय असतो १८ मिमीचा. हात जरा जास्त दाबला गेला की बिटाचं टोक सनमायका फोडून बाहेर. ड्रिल मशीनला खोलीचा अडसर लावता येतो, म्हणून पहिला खड्डा आणि चाळिसावा खड्डा एकाच खोलीचे पडतात.

जुने सुतार सामता आणि गिरमिटाने भोकं पाडायचे आणि सरळ पाडायचे, हे मान्य. पण त्या हाताला तीस वर्षांची सवय होती. आपल्याला रविवारची दुपार मिळते.

दुकानात काय म्हणून मागायचं?

'ड्रिल प्रेस' म्हटलंत तर काही दुकानदार हँड ड्रिल काढून पुढे ठेवतात. 'बेंच ड्रिल' म्हणा, लगेच कळतं. जमिनीवर उभं राहणारं उंच मशीन असेल तर 'पिलर ड्रिल'.

मग विचारतील, "तेरा एमएम की वीस एमएम?" लोखंडात किती व्यासाचं भोक पाडता येईल, त्याचा हा आकडा. आपल्या कामाला तेरा भरपूर झालं, कारण लाकडात त्याच मशीनवर योग्य बिट लावून ३५ मिमीचं भोकही पडतं. लाकूडकाम करणाऱ्याने खरं तर दुसरे दोन आकडे विचारायचे. एक, चकच्या (बिट पकडणाऱ्या जबड्याच्या) मध्यापासून खांबापर्यंत अंतर किती? ते सव्वाशे मिमी असेल तर अडीचशे मिमी रुंदीच्या फळीच्या बरोबर मध्यापर्यंत पोचता येतं, पुढे नाही. दोन, हँडल पूर्ण ओढल्यावर चक किती खाली उतरतो? लहान मशीनवर हा उतार बहुधा ५० मिमीच्या आसपास असतो. म्हणजे पलंगाच्या ७५ मिमी जाड पायाला एका दमात आरपार भोक पडणार नाही, अर्धं पाडून टेबल वर घ्यावं लागेल. हे दोन आकडे जाहिरातीत बारीक अक्षरात असतात किंवा नसतातच. टेप घेऊन जा.

सवलत खरी आहे की नुसती पाटी, ओळखायचं कसं?

छापील किंमत विसरा. तेच किंवा त्याच ताकदीचं मशीन आणखी दोन ठिकाणी किती रुपयांना मिळतंय ते बघा, फरक तेवढीच सवलत. 'चाळीस टक्के सूट' लिहून बाजारभावानेच विकलेलं मशीन मी पाहिलंय.

सवलतीमागचं कारण विचारायला लाजू नका. खोका फाटलाय, शोरूममध्ये मांडून ठेवलेलं आहे, रंग खरचटलाय, जुनं मॉडेल काढून टाकायचंय, ही चांगली कारणं. गिऱ्हाइकाने परत केलेलं असेल तर का परत केलं, ते विचारा. 'सेकंड क्वालिटी' असेल तर नेमकं काय सेकंड आहे ते दाखवायला सांगा.

मी एकच कसोटी लावतो. मशीनमधला दोष घरी दुरुस्त होणारा आहे की नाही? पट्टा, पुली, चक, स्विच, हँडल, वाकडं टेबल, गंज हे सगळं घरी किंवा गल्लीच्या कोपऱ्यावर सुधारतं. अशा दोषावर सूट मिळत असेल तर खुशाल घ्या. पण क्विल (चकला वर-खाली नेणारी नळी) हलतेय, खांब वाकलाय, बिडाला तडा गेलाय, तर निम्म्या किमतीतही ते महागच पडतं.

दुकानात मशीनसमोर उभं राहिल्यावर काय काय बघायचं?

यासाठी अर्धा तास काढा. दुकानदार कंटाळला तर कंटाळू दे.

आधी मशीन बंद असताना हँडल ओढून चक शेवटपर्यंत खाली आणा. हँडलबरोबर खाली येणारी जी जाड नळी असते ती क्विल. आता चक हातात धरून पुढे-मागे, डावी-उजवीकडे हलवा. जाणवेल असा खळखळ हलला, तर समजा क्विल आणि तिचं घर यांच्यात फट आहे. काही मशीनना डोक्याच्या बाजूला ती फट कमी करायचा स्क्रू असतो. असेल तर तिथेच आवळून बघा. नसेल तर नमस्कार करून बाहेर पडा. सगळ्या मशीनचा जीव याच एका जागेत असतो. मोटर लहान असली तर हळू दाबून काम भागतं, हलणाऱ्या क्विलला इलाज नाही.

मग चकमध्ये एक लांब, नवं, सरळ बिट लावा आणि पट्ट्याची पुली हाताने सावकाश फिरवा. बिटाचं टोक एका जागी राहतंय की गोल घुमतंय? थोडं घुमलं तर घाबरू नका, चक नीट बसवलेला नसतो. त्याचं पुढे सांगतो.

पायथा आणि टेबल उलटे करून खालून बघा. बिडाचा तडा वरून रंगात लपतो, खालून दिसतो. काका बिडाच्या भागावर पाना हलकेच आपटून कान लावायचे. अखंड बीड घणघणतं, तडा गेलेलं भद्द बोलतं. फौंड्रीच्या गावचे आपण, आपल्याला हे जमायला हवं.

टेबल वर-खाली करायला दातांची पट्टी आणि हँडल आहे का ते बघा. स्वस्त मशीनना ते नसतं. खिळ्यासारखी एक मूठ सैल करायची आणि टेबल हाताने उचलायचं. चालतं, पण दिवसातून दहा वेळा करायचं असेल तर नको होतं.

शेवटी मशीन चालू करायला लावा. पट्टा नवा असताना पहिल्या मिनिटात थडथडतो, कारण खोक्यात घडी पडलेली असते. ते जातं. पण बेअरिंगचा करकर आवाज येत असेल तर तो पट्टा काढून ऐका. पट्टा काढल्यावर स्पिंडल (चक फिरवणारा दांडा) हाताने फिरवलं तर ते मऊ फिरलं पाहिजे, वाळू चावल्यासारखं नाही.

बेळगावात घ्यावं, कोल्हापूरला जावं की ऑनलाइन मागवावं?

जीएसटी दोन्हीकडे सारखाच, १८ टक्के. त्यामुळे 'महाराष्ट्रात टॅक्स कमी' ही कट्ट्यावरची गप्प आहे. निपाणी, चिकोडीकडच्या लोकांना कोल्हापूर जवळ पडतं, त्यांनी तिकडेच जावं. खानापूर आणि बेळगाव तालुक्यातल्यांना बेळगावच बरं. चंदगडची माणसं तर महाराष्ट्रातून बाजाराला इकडेच येतात.

मी जवळचं दुकान निवडतो ते एका कारणासाठी. हे वीस-पंचवीस किलोचं बिडाचं मशीन आहे. उद्या काही झालं तर तुम्ही ते स्कूटरवर घालून परत नेणार आहात, कोल्हापूरच्या वाटेवरचा कोगनोळी टोलनाका ओलांडून नाही. ऑनलाइनला किंमत कधीकधी खूपच चांगली असते, पण वाटेत खोका आपटला तर पहिला बळी टेबलाचा कान किंवा पायथ्याचा कोपरा. मागवलंत तर खोका उघडताना सलग व्हिडिओ काढा, मगच थर्मोकोल फेका.

बिल मात्र पक्कं घ्या. 'बिलाशिवाय आणखी पाचशे कमी' हे आमिष आहे, त्यात वॉरंटी गेली. बिलावर मशीनचा नंबर लिहून घ्या. बिल कानडीत असो, मराठीत असो की इंग्रजीत, नंबर जुळला पाहिजे.

मशीन परराज्यातून घेतलं आणि बिघडलं, तर तक्रार तिकडे जाऊन करायची?

नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहक जिथे राहतो किंवा नोकरी करतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. कोल्हापुरात घेतलेल्या मशीनची तक्रार बेळगावात दाखल होते. पाच लाखांपर्यंतच्या किमतीला फी नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करून बघा, पुष्कळदा तेवढ्याने दुकानदाराचा सूर बदलतो.

उद्यमबागेत जुनं मोठं मशीन भंगाराच्या भावात मिळतंय. घेऊ का?

मोह मोठा आहे, मला कळतं. एखादा वर्कशॉप बंद होतो आणि दीड-दोनशे किलोचं पिलर ड्रिल कोपऱ्यात उभं असतं. असं बीड आता नव्या मशीनला मिळत नाही. तसंही या गावाची आणि यंत्रांची सोयरीक जुनी. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये सायकलचं दुकान काढलं ते बेळगावातच, किर्लोस्करवाडी १९१० ची.

पण तीन गोष्टी बघा. मोटर बहुधा थ्री-फेज असणार आणि घरात सिंगल-फेज. मग एक तर सिंगल-फेज मोटर बदलून लावा, नाहीतर सिंगल-फेज घेऊन थ्री-फेज देणारा व्हीएफडी बसवा. अशा व्हीएफडीमधून २३० व्होल्टचं थ्री-फेज बाहेर पडतं, म्हणून मोटरच्या पाटीवर डेल्टा जोडणीत २३० व्होल्ट लिहिलंय का ते वाचून घ्या. पाटी नसेल तर वाइंडिंगवाल्याला दाखवा. दुसरं, लोखंडासाठीची ही मशीनं सावकाश फिरतात. मोठ्या बिटांना ते छान, ३ मिमीच्या भोकाला जरा कंटाळवाणं. तिसरं, ते ठेवणार कुठे? छोट्या हत्तीतून गल्लीपर्यंत येईल. गल्लीतून माडीवर कोण नेणार?

तळमजल्यावर फरशी पक्की असलेली जागा असेल आणि क्विल ठीक असेल, तर मी नव्या स्वस्त मशीनपेक्षा हेच घेईन.

हँड ड्रिल अडकवायचा स्टँड घेतला तर? फार स्वस्त आहे.

स्वस्त आहे आणि डुलतो. नको.

घरी आणलं. आता पहिलं काम?

टेबल, खांब आणि चकचा दांडा यांवर गंज लागू नये म्हणून चिकट ग्रीस फासलेलं असतं. रॉकेल मिळालं तर रॉकेलने, नाहीतर टर्पेंटाइनने जुन्या कापडाने पुसून काढा. घाई करून ते तसंच ठेवलं तर त्यावर भुसा बसतो आणि खारीक-खोबऱ्याच्या लाडवासारखा थर होतो.

मग चक. बऱ्याच मशीनवर चक स्पिंडलच्या निमुळत्या टोकावर नुसता घट्ट बसलेला असतो, स्क्रू वगैरे काही नाही. त्या निमुळत्या टोकावर आणि चकच्या आतल्या बाजूला ग्रीसचा एक थेंबही राहिला, तर दहाव्या भोकाला चक हातात येतो. माझ्या बाबतीत तो पायावर आला. थिनरने दोन्ही बाजू कोरड्या करा. चकचे तीन दात पूर्ण आत ओढून घ्या, मग खालून लाकडी हातोडीने एक-दोन सरळ ठोके द्या. लोखंडी हातोडी नाही आणि दात बाहेर ठेवून तर अजिबात नाही.

आता मशीन बाकाला बोल्टने आवळा. डोकं जड, पायथा लहान, त्यामुळे लांब फळी टेबलाच्या एका टोकाला बाहेर ठेवली की मशीन कलतं. 'नंतर बसवू' म्हणून कुणी बोल्ट बसवलेले मी पाहिले नाहीत.

टेबल काटकोनात आहे हे कसं कळणार? गुण्या लावून बघितला तर बरोबर दिसतो.

गुण्या बिटाला टेकवून बघणं म्हणजे अंदाज. बिटाला पीळ असतो, गुण्या नीट टेकतच नाही.

सायकलच्या आऱ्यासारखी एक जाड ताठ तार घ्या. ती दोनदा वाकवा. वरचं टोक चकमध्ये सरळ जाईल, मधला भाग हातभर नको, वीतभर बाजूला जाईल आणि खालचं टोक पुन्हा टेबलाकडे वळेल. चकमध्ये आवळा. मशीनचा प्लग काढलेला असू द्या. टेबल वर आणून तारेचं टोक एका जागी टेबलाला जेमतेम टेकेल असं करा, मध्ये वहीच्या कागदाचा तुकडा ठेवा. कागद अडखळत सरकायला हवा. आता चक हाताने फिरवून तार समोरच्या बाजूला न्या. तिथेही कागद तसाच अडखळतो का? मग पुढे, मग मागे.

डावी-उजवीत फरक असेल तर टेबलाखालचा मोठा बोल्ट ढिला करून टेबल तिरकं करता येतं. ती सोय असतेच. त्यावर अंशांच्या खुणा असतात, त्यांच्यावर विश्वास ठेवू नका. माझ्या मशीनवर शून्यावर ठेवलं की टेबल चक्क दीड अंश कललेलं असायचं. तार बरोबर आली की तिथे स्वतःची खूण करा.

पुढे-मागे फरक असेल तर त्याला बोल्ट नसतो. टेबलावर आपण जी लाकडी फळी लावणार आहोत तिच्याखाली पुढच्या किंवा मागच्या कडेला कागदाच्या पट्ट्या घालून तो फरक भरून काढायचा. पॅटर्नच्या कामात काका हेच करायचे, कार्डबोर्डाची पट्टी आणि संयम.

एक शेवटचं. हे सगळं झाल्यावर हँडल जोरात दाबून टेबल वाकतं का बघा. लहान मशीनचं टेबल दाबाखाली थोडं खाली झुकतंच. इलाज मशीनमध्ये नाही, बिटाला धार लावण्यात आहे.

सगळं केलं, तरी बिट घुमतंय!

चक काढून स्पिंडलवर अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसवा. कधीकधी चकचा आणि स्पिंडलचा दोष एकमेकांना रद्द करतो. नाही झालं तर दोष चकचा की स्पिंडलचा, ते वेगळं करा. मॅग्नेटच्या पायाचं डायल गेज (सुईने बारीक फरक दाखवणारं माप) कुणा टर्नरकडून अर्ध्या तासासाठी मागून आणा. चक काढून थेट स्पिंडलच्या टोकावर सुई टेकवा आणि हाताने फिरवा. सुई स्थिर राहिली तर दोष चकचा. चांगला नवा चक घ्या, मशीनच्या किमतीपुढे काहीच नाही. चकवर छापलेला टेपरचा (निमुळत्या टोकाचा) नंबर बघून तोच घ्या. काट्याचा फरक ०.१ मिमीपर्यंत असेल तर लाकूडकामाला पुरे, त्यामागे लागून रात्र घालवू नका.

स्पीड किती ठेवायचा? मशीनवर पाच पायऱ्यांची पुली आहे, तक्ता पुसट झालाय.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे या मशीनची मोटर बहुधा मिनिटाला १४४० फेरे फिरते, पाटीवर लिहिलेलं असतं. बाकी गुणाकार-भागाकार. मोटरकडच्या पुलीचा व्यास ५० मिमी आणि स्पिंडलकडचा १२५ मिमी असेल तर १४४० गुणिले ५० भागिले १२५, म्हणजे ५७६ फेरे. मोटरकडे मोठी, स्पिंडलकडे लहान केली की वेग वाढतो.

परदेशी व्हिडिओंमधले आकडे जसेच्या तसे घेऊ नका. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, त्यांच्या मोटरी १७२५ फिरतात.

लाकडासाठी मी असं करतो: ३ ते ६ मिमीच्या बिटाला जमेल तेवढा जास्त, दोन-तीन हजार फेरेही चालतात. १० ते १३ मिमीला हजार-दीड हजार. ३५ मिमीच्या फोर्स्टनर बिटाला (सपाट तळाचा मोठा खड्डा पाडणाऱ्या) पाचशे-सहाशे. होल-सॉला (वाटीसारख्या गोल करवतीला) त्याहून कमी. धूर यायला लागला, भोकाची कडा काळी झाली, की वेग जास्त आहे किंवा धार गेलीय. फणसाच्या लाकडाला हे लवकर कळतं, पिवळ्या लाकडावर काळं वर्तुळ उठून दिसतं.

पट्टा बदलताना प्लग काढा. दोन्ही पुल्या एका पातळीत आहेत का ते फुटपट्टी टेकवून बघा. पट्टा अंगठ्याने मध्यभागी दाबल्यावर साधारण सेंटिमीटरभर दबला पाहिजे.

विजेचं काही वेगळं करायला लागतं का?

अर्ध्या अश्वशक्तीची मोटर चालताना तीन-चार अँपिअर घेते, सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. म्हणून बल्बच्या सॉकेटवरून, बारीक वायरच्या एक्स्टेंशनवरून चालवू नका. १६ अँपिअरचा सॉकेट वापरा, एक्स्टेंशन लागलंच तर ते १.५ चौरस मिमीच्या वायरचं, लांबी कमीत कमी. अर्थिंग खरोखर आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या. जुन्या कौलारू घरांत तिसरं भोक असतं, त्याच्यामागे तार नसते.

मोटर नुसती गुंगुं करते आणि फिरत नाही? लगेच बंद करा. संध्याकाळी व्होल्टेज पडलेलं असेल किंवा कपॅसिटर गेला असेल. कपॅसिटर बदलणं हे पंख्याइतकंच सोपं काम.

आता महत्त्वाचं. पावसाळ्यात हेस्कॉमची वीज कधी जाईल सांगता येत नाही, विशेषतः जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला. भोक पाडता पाडता वीज गेली, तुम्ही चहा प्यायला आत गेलात, पोरगं टेबलावर हात ठेवून उभं आहे आणि वीज आली. स्वस्त मशीनवर साधा खटक्याचा स्विच असतो, तो चालूच राहिलेला असतो. वीज गेल्यावर आपोआप सुटणारा 'नो-व्होल्ट' स्विच मिळतो, तो बसवून घ्या. सवलतीत वाचलेल्या पैशांतला पहिला खर्च हाच करा.

टेबल फारच लहान आहे. लोखंडी टेबलावरच काम करायचं का?

ते टेबल लोखंडाचं काम करणाऱ्यांसाठी आहे. आपण वर १८ मिमी प्लायचं, दीड-दोन फूट रुंद टेबल बसवायचं, खालून बोल्टने. मध्यभागी हातभर नको, चार इंचांचा चौकोनी तुकडा सुटा ठेवा. भोक आरपार गेलं की त्याखाली लाकूड असलं म्हणजे खालची कडा फुटत नाही. तुकडा चाळणी झाला की बदला. मागे एक सरळ पट्टी दोन क्लॅम्पनी आवळली की झाला अडसर, म्हणजे ओळीतली सगळी भोकं कडेपासून सारख्या अंतरावर. बिजागरीच्या ३५ मिमीच्या खड्ड्याला मध्य कडेपासून २२ मिमीच्या आसपास येतो, नेमका आकडा बिजागरीच्या पाकिटावर बघा.

पट्टीच्या खालच्या कडेला जराशी खाच मारा. नाहीतर भुसा तिथे साठतो आणि फळी पुढे ढकलतो, अर्ध्या मिलिमीटरने. मग 'मशीन चुकलं' असं आपण म्हणतो.

कुठली बिटं घेऊ?

मधोमध टोक असलेली लाकडाची बिटं ३ ते १० मिमी आणि फोर्स्टनर १५, २०, २५, ३५. बस्स. पंचवीस बिटांचा सोनेरी डबा घेऊ नका, त्यातली चार वापरली जातात आणि ती चारही आठवड्यात बोथट होतात. सागवानात सिलिका असते, ती धार खाते. मत्ती तर हट्टी लाकूड. आरपार भोक पाडताना दर सेंटिमीटरला बिट वर उचलून भुसा बाहेर काढा. सागवान, शिसव घेताना बिल-पास असलेल्या वखारीतूनच घ्या, 'जंगलातला ओळखीचा' नको.

हातमोजे घालावेत ना?

नाही! ही सर्रास होणारी चूक. फिरणारं बिट मोज्याचा धागा पकडतं आणि हात आत ओढतं. हातमोजे, सैल बाह्या, ओढणी-पदर, मोकळे केस, मनगटावरचा नवसाचा दोरा, सगळं दूर. डोळ्यांना चष्मा हवा.

दुसरी चूक, लहान तुकडा हाताने धरणं. बिट अडकलं की तुकडा पंख्याच्या पात्यासारखा फिरतो. क्लॅम्प लावा. लांब फळी असेल तर तिची मागची कड खांबाच्या डाव्या बाजूला टेकवून ठेवा. बिट वरून पाहता घड्याळाच्या दिशेने फिरतं, त्यामुळे फळी फिरायला गेली तर खांबावर अडते, तुमच्या पोटावर नाही.

चकची किल्ली चकमध्ये विसरून मशीन सुरू करणं, हे प्रत्येकाकडून एकदा होतं. एकदाच व्हावं म्हणून ती मशीनला दोरीने बांधू नका, दोरीही गुंतते. खांबावर चुंबक चिकटवा आणि किल्ली तिथे ठेवा.

याच्यावर राउटरचं बिट लावून नक्षी करता येईल का? पॉलिशपेपरचा ड्रम?

राउटरचं बिट नाही. त्याला वीस हजारांच्या पुढचे फेरे लागतात, हे मशीन तीन हजारांवर थांबतं. शिवाय बाजूने जोर पडला की नुसता निमुळत्या टोकावर बसलेला चक सुटून येतो, बिटासकट. पॉलिशपेपरचा ड्रम हलक्या हाताने, कधीमधी चालेल. रोजचं काम केलंत तर बेअरिंग लवकर जाईल.

पावसाळ्यात टेबलावर तांबडी साय येते.

येणारच. खानापूर तालुक्यात तर कपाटातल्या चपलांना बुरशी येते, बिडाचं काय घेऊन बसलात. मे महिन्याच्या शेवटी बीड कोरडं पुसून त्यावर मेणाचा पातळ हात फिरवा, फरशी-फर्निचरचं पेस्ट मेण चालतं. खांबाला आणि क्विलला मशीन ऑइलचा फडका. सिलिकॉनचा स्प्रे वापरू नका, तो लाकडाला लागला तर पुढे पॉलिश धरत नाही. आलेला गंज रॉकेल आणि भांडी घासायच्या हिरव्या घासणीने निघतो.

खंडेनवमीला पूजा करताना काही काळजी?

पूजा जरूर करा, आमच्याकडे काकांची पटाशी आणि हे मशीन शेजारी शेजारी मांडतात. हळद-कुंकू पायथ्याला लावा, चकला नाही. ओलं कुंकू बिडावर रात्रभर राहिलं की खाली गंजाचा टिळा कायमचा. आणि हार डोक्यावर घातलात तर दुसऱ्या दिवशी काढल्याशिवाय स्विचला हात नको. आमच्या गल्लीत एकाने झेंडू अख्ख्या पडवीभर उधळलाय.

पहिलं काम काय करू?

फणसाचा किंवा सागाचा एक ठोकळा घ्या, वीतभर लांब आणि दोन इंच जाड. त्यावर पेन्सिलीने चौकटी आखा आणि तुमच्या प्रत्येक बिटासाठी एकेक भोक ४० मिमी खोल पाडा, शेवटची ओळ आरपार. बिटं ठेवायला स्टँड होतो. आरपार ओळ झाल्यावर ठोकळा उलटा करून खालून मोजा. वर कडेपासून जेवढं अंतर होतं तेवढंच खाली आलं, तर टेबल सरळ आहे. नाही आलं तर तार पुन्हा काढा. माझा पहिला ठोकळा अजून मशीनशेजारी आहे, खालची ओळ तीन मिलिमीटर डावीकडे गेलेली.